वासंतीबाईंची दोन अंडी आणि हंसाबेनचा अंगठा

डॉक्टर ‘अंडी’ हा शब्द इतक्या मोठ्याने बोलले, की यतीन आठल्येने आधी उठून केबिनचं दार लोटलं आणि मगच तो परत खुर्चीत बसला. बाहेर बाकावर शांती नगरातली निदान चार ओळखीची माणसं बसली होती.

“अहो, अंडी म्हणालो मी. अफू नाही,” डॉक्टर म्हणाले.

पण डॉक्टरांचं काय जातंय! त्यांचा दवाखाना बेव्हर्ली पार्कात, स्वतःच्या मालकीचा. यतीन राहायचा शांती नगरात, हंसाबेनच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये, आणि त्या फ्लॅटच्या करारात पोलीस व्हेरिफिकेशनच्याही आधी एक ओळ होती : मांस, मच्छी, अंडा नहीं. ती ओळ वाचून यतीन तेव्हा मोठ्या रुबाबात हसला होता. “हंसाबेन, हमारे सात पिढी में किसी ने अंडा नहीं देखा,” असं छातीवर हात ठेवून त्याने सांगितलं होतं. त्या एका वाक्यावर हंसाबेनने दुसऱ्या दोन गिऱ्हाइकांना नाही म्हणून फ्लॅट त्याला दिला होता.

आणि आता त्याच सात पिढ्यांपैकी एक, म्हणजे यतीनची आई वासंतीबाई, मांडीच्या हाडाचं ऑपरेशन होऊन तीन महिने झाले तरी पलंगावरच होत्या. हाड जुळलं होतं, पण पायात बळ नव्हतं. उभं केलं की गुडघे थरथरायचे आणि त्या “बसव रे, बसव” म्हणायच्या. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं. आता महिना-दीड महिन्यात उठल्या तर उठल्या. नाहीतर अंथरूण धरतील, आणि या वयात ते सुटत नाही.

“डाळ देतो ना आम्ही,” यतीन म्हणाला.

“किती खातात?”

“दोन चमचे.”

“मग? अंड्यात सहा ग्रॅम प्रोटीन आहे. बी-ट्वेल्व्ह आहे, ते तुमच्याकडे कुणाच्याच रक्तात नाही. थोडं डी आहे. पोटाला हलकं, चावायला मऊ. कोलेस्टेरॉलचं विचारू नका, त्यांचे रिपोर्ट मी बघितलेत. रोज दोन. उकडून. आणि सोबत व्यायाम.”

यतीन बाहेर पडला तेव्हा त्याच्या डोक्यात एकच हिशेब चालला होता. आईचे पाय वाचवायचे तर घर जाणार, आणि घर वाचवायचं तर आईचे पाय. करार संपायला बरोबर अडीच महिने उरले होते.

घरी आधी आईचं मन वळवायचं होतं. यतीनने दवाखान्यातलं सगळं भाषण, ग्रॅमसकट, म्हणून दाखवलं. वासंतीबाईंनी डोळे मिटून ऐकून घेतलं.

“औषध म्हणून देणार असशील तर घेईन,” त्या म्हणाल्या. “पण कसं लागतंय ते मला विचारायचं नाही.”

“विचारणार नाही.”

“आणि माझ्या देवांसमोर नाही.”

“आणि माझ्या ओट्यावर नाही,” आतून मृदुला म्हणाली. मृदुला म्हणजे यतीनची बायको. “माझ्या भांड्यांत नाही, माझ्या गॅसवर नाही. आईंसाठी मी वाट्टेल ते करीन, पण ओटा सोडून बोला.”

आता ओटा सोडला तर वन रूम किचनमध्ये उरतं काय? बाथरूम. तिथे गिझरशेजारी प्लग होता आणि वर एक्झॉस्ट पंखा होता. ऑफिसात कुणीतरी दिवाळीला दिलेली इलेक्ट्रिक केटल माळ्यावर पडून होती, ती खाली उतरली. बालदीवर पाट, पाटावर केटल, केटलमध्ये दोन अंडी, आणि स्टुलावर हातात घड्याळ घेऊन यतीन आठल्ये, विमा कंपनीतले असिस्टंट मॅनेजर. सकाळी साडेसहाला हा माणूस बाथरूमची कडी लावून अंडी राखत बसायचा. वास जाऊ नये म्हणून मृदुला बाहेर धुपाच्या दोन-दोन कांड्या लावायची. आठवड्याभरात जिन्यात बोलवा झाली, की चौथ्या मजल्यावरचे आठल्ये फार देवभोळे आहेत हो, सकाळी काय घमघमतं त्यांच्याकडे!

खरेदीची तऱ्हा आणखी वेगळी. शांती नगरात अंडी घ्यायची यतीनची छाती नव्हती. बेव्हर्ली पार्कच्या वळणावर डोंगरी गावाहून येणारी जिजाबाई भाजी घेऊन बसायची. तिच्या टोपलीत माठाच्या जुड्यांखाली गावठी अंडी असायची. यतीन पहिल्यांदा गेला तो जुड्या चिवडत बसला, आणि मग मान खाली घालून पुटपुटला, “ती... खालची... आहेत का?”

“अंडी व्हय?” जिजाबाईचा आवाज खाडीपलीकडे जाईल असा. “हाय की! किती पायजे? परवाची न्हाय, कालचीच हायत!”

“हळू, मावशी, हळू.”

“अवो, चोरीची न्हाय! माझ्याच कोंबड्यांची हायत!”

यतीनने डझनभर घेतली. लॅपटॉपच्या बॅगेत टॉवेलात गुंडाळली आणि वर ऑफिसच्या फायली ठेवल्या. तेवढ्यात मागून इमारतीतल्या कुणीतरी “क्या यतीनभाई, भाजी?” विचारलं, तेव्हा त्याने बॅग छातीशी अशी कवटाळली की त्या माणसाने काळजीने विचारलं, “तबियत ठीक है ना?”

राहिली टरफलं. पहिले काही दिवस ती चष्म्याच्या जुन्या घरात बसून यतीनबरोबर ऑफिसला गेली. पण एकदा मीटिंगमध्ये साहेबांसमोर त्याने वाचायचा चष्मा काढायला चुकीचं घर उघडलं, आणि तिथून तो मार्ग बंद झाला. मग वासंतीबाईंनीच पलंगावरून सुचवलं, की चुरा करून गुलाबाच्या कुंडीत घाला, खत होतं. ग्रिलमधला तो गुलाब दोन वर्षं रुसून बसला होता. तीन आठवड्यांत त्याला कळ्या आल्या. यतीनला त्या कळ्या बघून आनंद व्हायचा नाही. त्याला वाटायचं, हा गुलाब कुणालातरी जाऊन सांगणार.

एवढं सगळं करून गुण आला का? आला! अहो, चक्क आला. पहिल्या आठवड्यात वासंतीबाई नाक धरून खायच्या. दुसऱ्यात म्हणाल्या, “मृदुला, जरा मिरपूड असेल तर बघ गं.” तिसऱ्यात यतीनला बोलावून म्हणाल्या, “काल एक मिनिट जास्त झालं होतं. बलक कोरडा पडला.” व्यायाम शिकवायला येणारी मुलगी बोटं मोजत पाय उचलायला लावायची. आधी पाच वेळा उचलताना रडू यायचं, ते आता पंधरा वेळा व्हायला लागलं. सहाव्या आठवड्यात एका सकाळी यतीन बाथरूममधून वाटी घेऊन बाहेर आला, तर आई पलंगावर नव्हती. ती खिडकीशी उभी होती. काठी भिंतीला टेकवलेली होती आणि तिचा एक हात गुलाबावर होता. वाटी तशीच हातात धरून तो नाक ओढत उभा राहिला.

“अरे, थंड होतंय ते,” वासंतीबाई म्हणाल्या.

तर इथवर सगळं नीट चाललं होतं, आणि इथेच यतीनने शेण खाल्लं.

हंसाबेन पहिल्या मजल्यावर राहायच्या. त्यांचे स्वतःचे गुडघे गेलेले. इमारतीला लिफ्ट नाही, त्यामुळे त्या वर सहसा यायच्या नाहीत. पण वासंतीबेन उभ्या राहिल्या हे कळलं, तेव्हा कठड्याला धरून, प्रत्येक मजल्यावर थांबत त्या चौथ्या मजल्यावर आल्या. वासंतीबाईंना पलंगापासून दारापर्यंत चालताना बघून त्यांनी दोन्ही गालांवर हात ठेवले.

“अरे वाह, वासंतीबेन! यतीनभाई, शुं खिलाया मम्मी को? सच्ची बोलो!”

आता माणसाने काय सांगावं? डॉक्टरांच्या गोळ्या सांगाव्यात, व्यायाम सांगावा. पण यतीनची नजर नेमकी मृदुलाच्या हातातल्या ताटलीकडे गेली. पाहुणीसाठी तिने डिंकाचा लाडू आणला होता.

“लाडू!” यतीन म्हणाला. “डिंकाचे लाडू. हमारे घर की खास रेसिपी है.”

मृदुलाने त्याच्याकडे असं पाहिलं, की ताटली त्याच्या डोक्यात घालायचीच काय ती बाकी होती.

“तो मेरे को भी दो,” हंसाबेन म्हणाल्या. “रोज का एक. मेरे को भी चलना है, भाई. देरासर में दर्शन करने का मन होता है, दो साल से नहीं गई.” आणि जाता जाता म्हणाल्या, “एग्रीमेंट का बाद में देखेंगे. पहले लाडू.”

झालं! ऑफिस करून, आईंचं करून, मृदुला रोज रात्रीच्या स्वयंपाकानंतर डिंक तळायला लागली. पहिल्या मजल्यावर स्टीलचा डबा जायचा, रिकामा यायचा, भरून जायचा. दुसऱ्या मजल्यावरच्या भाभींनी विचारलं, त्यांना दिले. तिसऱ्यावरचे काका म्हणाले, “इसमें गोखरू डालो.” कुणी म्हणालं मेथी कमी आहे, कुणी म्हणालं तूप गाईचं हवं. सोसायटीच्या ग्रुपवर तर कुणीतरी हात जोडून ‘आठल्येजी के लड्डू’ अशी पोस्टही टाकली. यतीनला मात्र एकेक दिवस सुईवर बसल्यासारखा जात होता, कारण हंसाबेनचे गुडघे काही हलायला तयार नव्हते.

एकवीस दिवस झाले आणि खालून निरोप आला, की लाडवात काहीतरी कमी आहे.

“कुछ चीज है जो तुम लोग मम्मी के लड्डू में डालते हो और मेरे में नहीं डालते,” हंसाबेन जिन्यातच यतीनला म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, दुःख होतं. “ऐसा मत करो, भाई. मैंने तुमको घर दिया.”

त्या रात्री यतीन जेवला नाही.

नव्या कराराचा दिवस उजाडला. हल्ली त्यासाठी कुठल्या ऑफिसात जावं लागत नाही, एजंटच घरी मशीन घेऊन येतो. हा रोहित नावाचा एजंट हंसाबेनच्या दिवाणखान्यात लॅपटॉप, कॅमेरा आणि अंगठ्याचं मशीन मांडून बसला होता. साक्षीदारांचं काम त्याने सकाळीच उरकलं होतं. आत नेट येत नव्हतं, म्हणून घराचं दार सताड उघडं होतं आणि डोंगल उंबऱ्यावर ठेवलेला होता. यतीनचा फोटो झाला. अंगठा टेकवला, हिरवा दिवा लागला. मग हंसाबेनचा अंगठा आला. लाल दिवा.

“आन्टी, जरा दाबके.”

लाल.

“ओला करा थोडा. नाही, पुसा. जास्त झालं.”

पुन्हा लाल. आयुष्यभर रोट्या लाटून, भांडी घासून त्या अंगठ्यावरच्या रेघा पुसून गेल्या होत्या. सरकारच्या लेखी हंसाबेन हंसाबेन नव्हत्याच.

“दहा मिनिट थांबू, सर्व्हरला,” रोहित म्हणाला.

त्या दहा मिनिटांत हंसाबेन उठल्या, कपाटातून कागदाची एक पुडी घेऊन आल्या आणि टीपॉयवर उघडून ठेवली. आत नखाएवढा पांढरा तुकडा होता.

“ये तुम्हारे लड्डू के डब्बे के नीचे चिपका था. कल.”

यतीनने तो तुकडा लगेच ओळखला. डबा धुऊन मृदुला ग्रिलमध्ये वाळत ठेवायची. गुलाबाच्या कुंडीशेजारी.

“यतीनभाई,” हंसाबेनचा आवाज एकदम लहान झाला. “मेरे लड्डू में अंडा था?”

तेव्हा कुठे यतीनने त्यांच्याकडे नीट पाहिलं. त्या रागावलेल्या नव्हत्या. घाबरलेल्या होत्या. डोळे सुजलेले होते, ओठ सुकले होते. कालपासून त्यांनी पाणीसुद्धा घेतलेलं दिसत नव्हतं. अडुसष्ट वर्षं सांभाळलेली गोष्ट आपल्या हातून मोडली का, एवढंच त्यांना कळायला हवं होतं. आणि ते सांगू शकणारा माणूस समोर बसून घाम पुसत होता.

“क-कबूतर,” यतीन म्हणाला. “कबूतर का होगा. ग्रिल में बैठते हैं ना.”

“हो, कबुतरं फार आहेत इकडे,” रोहित लॅपटॉपमधून मान वर न काढता म्हणाला. त्याला पुढची अपॉइंटमेंट होती.

हंसाबेनने यतीनकडे पाहिलं. विश्वास ठेवावा असं त्यांना फार वाटत होतं, ते दिसत होतं.

यतीन फोन घेऊन खिडकीशी गेला, हळू आवाजात बोलता यावं म्हणून. मृदुलाला लावला, तो आईने उचलला.

“आई, मृदुला कुठेय? अगं, डब्याला टरफल चिकटलं होतं. हंसाबेनना वाटतंय लाडवात... मी कबूतर म्हणून सांगितलंय. तिला सांग, कुणी विचारलं तर कबूतर.”

पलीकडून फोन बंद.

“या, सर्व्हर आला,” रोहित म्हणाला. “बसा, आन्टी.”

लाल. यतीनने स्वतःचा रुमाल काढून हंसाबेनचा अंगठा पुसला. लाल. आणि त्याच वेळी उघड्या दारातून वरून आवाज आला. ठक्.

मग काहीच नाही. मग पुन्हा ठक्.

तो आवाज यतीनला ओळखू आला. गेले तीन आठवडे तो पलंगापासून दारापर्यंत ऐकत होता. पण जिन्यात? आई जिना उतरतेय? चौथ्या मजल्यावरून पहिल्यापर्यंत चोपन्न पायऱ्या. ती अजून एकसुद्धा उतरली नव्हती.

“पावडर है क्या घर में?” यतीन ओरडला. “टाल्कम पावडर! उससे उठता है अंगूठा!” त्याने स्वतःच आरशाखालचा डबा आणला, हंसाबेनच्या अंगठ्यावर पालथा केला, फुंकला. लाल. ठक्. ठक्. खोबरेल चोळलं. लाल. एवढा एक दिवा हिरवा होऊ दे, मग आई आली तरी अकरा महिने कुणी घराबाहेर काढू शकत नाही! आणि दुसरीकडे त्याचा कान जिन्यात होता. ठकठक थांबली की त्याचा श्वास थांबायचा. पडली तर? दुसऱ्या मजल्यावर ती बराच वेळ थांबली. यतीनच्या हातात हंसाबेनचा तेलकट अंगठा तसाच राहिला. त्याला कळेना की दिवा लागावा म्हणून देवाचा धावा करावा की पाऊल नीट पडावं म्हणून. शेवटी न राहवून त्याने अंगठा सोडला आणि तो जिन्याकडे धावला.

वासंतीबाई पहिल्या मजल्याच्या वळणावर होत्या. मागे मृदुला, दोन्ही हात पसरून, रडवेली. “मी नको नको म्हणतेय, ऐकतच नाहीत!”

“बाजूला हो,” आई यतीनला म्हणाली. हात धरू दिला नाही. उरलेल्या नऊ पायऱ्या ती एकेक करून उतरली, दारात आली, आणि चौकटीला धरून तिने दम घेतला.

“हंसाबेन, वो छिलका मेरा है. मैं खाती हूँ अंडा. डॉक्टर ने बोला, औषध. दो महीने से रोज दो.” मग हात जोडले. “मगर आपका लड्डू एकदम शुद्ध है. ये मृदुला नहा के बनाती है. अंडा उसके ओट्यावर कधी गेलं नाही, उसके बर्तन को लगा नहीं. मेरे पोते की कसम... पोता नाहीये मला. देवाची शपथ. आपका कुछ नहीं टूटा. पाणी प्या.”

हंसाबेन खाली बसल्या. पदर तोंडाला लावून त्या रडल्या, मोकळ्या होऊन. मृदुलाने पाणी आणलं, ते त्या घटाघटा प्यायल्या. यतीन भिंतीला टेकून उभा होता. घर गेलं हे त्याने मनाशी धरलं होतं, आणि आता फक्त सामान कुठे हलवायचं एवढंच डोक्यात होतं.

पाणी संपल्यावर हंसाबेनने डोळे पुसले. “ओट्यावर नहीं, गैस पे नहीं. तो पकाते कहाँ थे?”

मृदुलाने यतीनकडे पाहिलं, यतीनने जमिनीकडे.

“बाथरूम में,” वासंतीबाई म्हणाल्या. “केटल में.”

हंसाबेन हळूहळू यतीनकडे वळल्या. त्यांचा असा चेहरा यतीनने सोसायटीच्या मीटिंगमध्येही पाहिला नव्हता.

“बाथरूम में? बीमार माँ का खाना, बाथरूम में? शरम नहीं आती तुमको? पढ़ा-लिखा आदमी, टाई लगाता है! अपनी माँ को संडास के बाजू में पका के खिलाया?”

“पण करारात लिहिलंय ना,” यतीन हबकून मराठीतच बोलला. “मैंने आपके डर से...”

“मेरे डर से! मैं राक्षस हूँ? पूछना था! मैं ना बोलती. पर पूछना तो था!”

“आन्टी, सर्व्हर जाईल हां,” रोहित म्हणाला.

हंसाबेनने रागारागातच अंगठा मशीनवर आपटला. हिरवा.

खोलीत सगळे त्या दिव्याकडे बघत राहिले. सगळ्यात जास्त हंसाबेन.

“घर में अंडा नहीं. वो लाइन रहेगी,” त्या म्हणाल्या. “खाना है तो बाहर जाके, इज्जत से बैठके खाओ. और वो केटल फेंको.”

तर आता रोज सकाळी साडेसात वाजता वासंतीबाई काठी घेऊन चोपन्न अधिक अठरा पायऱ्या उतरतात. पहिल्या मजल्यावर हंसाबेन तयार असतात. एकटीला रस्ता ओलांडता येणार नाही म्हणून मी जाते, असं त्या म्हणतात. दोघी एकमेकींना धरून बेव्हर्ली पार्कच्या वळणापर्यंत जातात. जिजाबाई घरूनच दोन अंडी उकडून, सोलून, केळीच्या पानात घेऊन येते. ती तिच्या नेहमीच्या आवाजात हाक मारते, “या आजी, गरम हायत!” आणि आता त्याचं कुणाला काही वाटत नाही.

हंसाबेनचे गुडघे बरे व्हायला लागलेत. परवा त्या देरासरला जाऊन आल्या. रोज इतकं चालल्यावर दुसरं काय होणार! पण त्यांचं म्हणणं, हे लाडवांनीच झालं, फक्त गुण यायला वेळ लागला. सगळ्या इमारतीला त्यांनी तसं सांगितलंय. त्यामुळे मृदुलाने डिंक तळायची कढई आता यतीनच्या हातात दिली आहे. रविवारी असिस्टंट मॅनेजर लाडू वळतात.

एकदा ऑफिसला जाताना यतीनने त्या दोघींना लांबून पाहिलं. फुटपाथच्या कट्ट्यावर आई मिरपूड भुरभुरवून सावकाश खात होती. शेजारी हंसाबेन तिच्याकडे पाठ करून, तोंड रस्त्याकडे करून बसल्या होत्या. आईची काठी, पिशवी आणि पाण्याची बाटली त्यांच्या मांडीवर होती. यतीन तिथेच थांबला. पुढे जाऊन बोलावं असं त्याला वाटलं, पण तो गेला नाही.

“हो गया?” मान न वळवता हंसाबेनने विचारलं.

“एक राहिलंय.”

“आराम से खाओ,” हंसाबेन म्हणाल्या आणि बाटलीचं झाकण उघडून, पाठमोऱ्याच, हात मागे करून पाणी पुढे धरलं.